बेटातले खुंट

प्रेरणा खुटवडनं चौरंगावर कलश ठेवला, पाच पानांचे डहाळे त्यात खोचले आणि निरांजनासाठी काडी ओढली, तेवढ्यात फोन वाजला. मार्गशीर्षातला गुरुवार होता. भोर ठाण्यात सहायक निरीक्षक म्हणून आल्यापासून तिनं हे व्रत एकदाही चुकवलं नव्हतं. पोथी मात्र निम्म्या वेळा जीपमध्येच वाचून व्हायची.

"मॅडम, हिर्डोशीला निघा." हवालदार बंडू शेडग्यांचा आवाज चिरकला होता. "गेनबा गेला. टोपल्या विणणारा गेनबा. वेळूच्या बेटात पडलाय. बघवत न्हाई."

तिनं निरांजन लावलं, हात जोडले आणि तशीच बाहेर पडली.

गेनबाचं बेट गावापासून आडबाजूला, ओढ्याच्या वरच्या अंगाला होतं. खाली पाचोळ्याची गादी, वर वेळूंची दाट सावली. त्या पाचोळ्यात म्हातारा पालथा पडला होता. पहिला घाव डोक्याच्या मागं बसलेला, आणि मग मानेवर एकामागून एक. मारणाऱ्याला मरण पुरेसं वाटलेलं नसावं. पाचोळा रक्तानं थिजून काळा पडला होता आणि त्यावरून लाल मुंग्यांची रांग चालली होती. गेनबाचा उजवा हात पुढं पसरलेला, मुठीत पाचोळाच.

भोवती ताजे तोडलेले वेळू पडले होते. त्यांची पानं अजून हिरवी होती. प्रेरणा प्रेताला वळसा घालून सावकाश फिरली. ताजे खुंट जमिनीलगत होते, बशीसारखे सपाट, रसानं चिकट. जून वेळू तेवढे गेले होते. मधल्या कोवळ्या काठ्या तशाच डुलत होत्या. पलीकडच्या कडेला मात्र जुने, काळे पडलेले खुंट गुडघ्याएवढे उभे होते. त्यांच्या पोकळीत पेल्यात साठावं तसं पाणी साठलेलं. ती वाकली, तसा डासांचा घोळका तोंडावर उठला.

"कोयता?" तिनं विचारलं.

"न्हाई सापडला. गेनबाचा कायम कमरंला असायचा." बंडूकाका जवळ आले. "मॅडम, एक सांगू का? परवा दत्तजयंती. चांदणं भरात आलंय. ह्या दिवसांत बुरूडकाम करणारा माणूस वेळूला हात लावत न्हाई. चांदण्यात तोडलेल्याला भुंगा लागतो, आतनं पीठ होतं. गेनबा तर मेला तरी तोडणार न्हाई."

बोलून गेल्यावर बंडूकाकांना स्वतःचेच शब्द बोचले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"म्हणजे तोडणारा ह्या कामातला नाही?"

"मला तर तसंच वाटतं. आन् गावालाबी तसंच वाटतंय."

गावाला काय वाटतंय, ते पुढच्याच क्षणाला कळलं. खालून आरडाओरडा उठला. त्यात एक बाईची किंकाळी होती, आणि ती थांबत नव्हती.

प्रेरणा उतारावरून धावत सुटली.

रस्त्याच्या कडेला गेनबाच्या टोपल्या शहरात नेणाऱ्या मुजफ्फरचा टेम्पो आडवा लावलेला होता. काचा फुटल्या होत्या. टेम्पोच्या चाकाशी माणसांचं रिंगण, आणि रिंगणात मुजफ्फर. कुणी वहाणेनं मारत होतं, कुणी वेळूच्या काठीनं. एकानं त्याचा उजवा हात दगडावर धरला होता आणि दुसरा वरून टाच मारत होता. हाड मोडल्याचा आवाज प्रेरणानं स्पष्ट ऐकला.

"बाजूला व्हा! बाजूला!"

कुणी ऐकेना. तिनं पिस्तूल काढून आभाळात गोळी झाडली, तेव्हा कुठं रिंगण फुटलं. मुजफ्फरच्या अंगावरचा शर्ट फाटून गेला होता, चेहरा रक्तानं धुतल्यासारखा. त्याची बायको फौजिया त्याच्या अंगावर आडवी पडली होती. किंकाळी तिचीच होती. जरा पलीकडं गेनबाची मुलगी रत्ना केस मोकळे सोडून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"ह्यानंच मारलं माझ्या अण्णाला!" ती ओरडली. "कोयता ह्याच्याच टेम्पोत घावला!"

टेम्पोच्या हौद्यात, गोणपाटाखाली, गेनबाचा कोयता होता. मुठीपर्यंत रक्त सुकलेलं.

"आग! शेडला आग!" कुणीतरी बोंबललं.

रस्त्यापलीकडच्या पत्र्याच्या शेडमधून धूर उसळत होता. ही शेड 'दुरडी'ची. मुजफ्फर, फौजिया आणि रत्ना, तिघांनी मिळून उभा केलेला धंदा. मुजफ्फर एकेकाळी भोरच्या बाजारात भाजी वाहायचा. एकदा गेनबाच्या टोपल्या नेल्या, फौजियानं मोबाईलवर त्यांचे फोटो टाकले, आणि पुण्या-मुंबईच्या घरांतून मागणी आली. टोपल्यांमागून वेळूचे विणलेले दिवे आले, कपड्यांचे हारे आले, फळांच्या परड्या आल्या. हिर्डोशीतल्या कितीतरी हातांना त्यानं काम मिळालं होतं. त्यातलेच काही हात आज त्याला मारत होते.

पाणी येईपर्यंत शेड बसली. धुरातून एक माणूस ठेचकाळत बाहेर आला. भुवया जळलेल्या, बाही करपलेली.

"मानसिंग हाय," बंडूकाका म्हणाले. "गेनबाचा पुतण्या. म्हाताऱ्याच्या हाताखाली वाढला. आग विझवाया आत घुसला बघा."

---

मानसिंगला त्यांनी देवळाच्या पायरीवर बसवलं. पाण्याचा तांब्या त्यानं एका दमात रिकामा केला.

"टेम्पो तपासायला कुणी सांगितलं?"

"म्याच." त्यानं मान खाली घातली. "काकाचा कोयता घावत नव्हता. काल मुजफ्फर हितंच हुता. म्हणलं, एकदा बघा. पर मारा असं म्या न्हाई म्हणलं, मॅडम. मी शेडकडं पळालो."

"शेड पेटवली कुणी?"

"गर्दीत कोण वळखू येतंय?"

"काल दुपारनंतर तू कुठं होतास?"

"घरी. दिवे बांधत. माझं काम लई असतंय."

"काकांशी तुझं कसं होतं?"

"बाप गेल्यावर त्यांनीच वाढवला. कोयता धरायला त्यांनीच शिकवला." त्यानं करपलेल्या बाहीनं डोळे पुसले. "मला म्हणायचे, माझ्यामागं हे बेट तूच राखशील."

प्रेरणानं त्याच्याकडं जरा वेळ पाहिलं. रडणं खरं होतं. ते कशासाठी, हे तेव्हा तिला कळलं नाही.

---

भोरच्या दवाखान्यात मुजफ्फरच्या हाताला प्लास्टर घातलं होतं. बोटं सुजून वांग्याच्या रंगाची झाली होती. खाटेशी शिपाई बसलेला.

"गेनबाशी भांडण झालं होतं?"

"झालं. परवा शेडमधी, सगळ्यांम्होरं. हॉटेलवाल्यांना दिवे पायजेत आन् वेळू संपलेला. म्या म्हणलं, अण्णा, अंधाऱ्या पाखाची वाट कशाला बघता, उद्याच तोडू."

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, चांदण्यातला वेळू गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात पीठ गाळंल. मग ते येऊन तुझी दाढी धरंल. धराया तेवढी दाढी तरी वाढव आधी." तो हसला, आणि फाटलेल्या ओठातून रक्त आलं.

"मग तू स्वतःच तोडायला गेलास."

"मी? मॅडम, गावात कुणालाबी विचारा. गेल्या साली अण्णांनी मला हौसेनं तोडाया नेलं. बेटाची पलीकडची कड माझ्याच हातची हाय. माझं काम बघून अण्णा कपाळाला हात लावून खाली बसले. म्हणाले, गाठीच्या लगेच वर घाव घालायचा असतो, म्हंजी खुंट बंद ऱ्हातो. तू मधोमध घालतोस. पाणी मुरतंय, मूळ कुजतंय. तू बाबा टेम्पोच चालव. पुरा गाव महिनाभर हसला."

"काल?"

"दुपार कलल्यावर आलो. माल भरला, शेडमागं नमाज पढलो, दिवेलागणीला निघालो. अण्णा दिसले न्हाईत. म्हणलं, राग गेला न्हाई म्हाताऱ्याचा."

"टेम्पोला कुलूप?"

"मागं नुसती ताडपत्री हाय."

बाहेर ओट्यावर फौजिया बसली होती. तिच्या ओढणीवर नवऱ्याचं रक्त वाळलं होतं. प्रेरणा दिसताच ती उठली.

"उद्या काय हुईल, ताई?"

प्रेरणानं खरं तेच सांगितलं. वरिष्ठांचा फोन येऊन गेला होता. भांडणाला साक्षीदार आहेत, हत्यार गाडीत सापडलंय, गाव पेटलंय. उद्या दुपारी खुनाच्या गुन्ह्यात कोर्टात उभा करा.

"तुरुंगात त्याचा हात वाकडाच जुळंल," फौजिया म्हणाली. "आन् बाहेर राहिला तर उद्या दुसरे येतील मारायला. मग तुमी सांगा, त्याला ठेवायचं कुठं?"

प्रेरणापाशी उद्या दुपारपर्यंतचा वेळ तेवढा होता.

---

बेटाच्या वरच्या बाजूला इंद्रजितची जागा होती. पुण्याचा माणूस. त्यानं तिथं पाहुण्यांसाठी तंबू ठोकले होते.

"तुम्हाला गेनबाचं बेट हवं होतं."

"जागा हवी होती. बेट नको होतं," इंद्रजित म्हणाला. "तिथून धरण दिसतं."

"त्यानं नकार दिला?"

"प्रत्येक वेळी. शेवटी तर कोयताच दाखवला. वर म्हणाला, चहा घेऊन जा. मी चहा घेऊन आलो."

"काल संध्याकाळी कुठं होता?"

"इथंच. एकटा. नोकर महाडला गेला होता. साक्षीदार नाही, मला माहीत आहे." तो अस्वस्थ हसला. "पण मॅडम, मला बेट काढायचं असतं तर मी मशीन लावलं असतं. दहा-पंधरा वेळू तोडून कोण निघून जातं?"

दहा-पंधरा वेळू. हाच काटा प्रेरणाच्याही मनात रुतला होता. म्हाताऱ्याला मारून झाल्यावर वेळू तोडत बसायला कुणाला सवड होती? आधी तोडले म्हणावं, तर म्हाताऱ्यानं बघत उभं राहून एवढे तोडू दिले?

परतताना ती जळक्या शेडपाशी थांबली. उन्हं कलली होती. सकाळपासून पोटात नुसतं पाणी होतं. संध्याकाळची पूजा झाल्याशिवाय ती काही खाणार नव्हती, आणि पूजा आज कधी होईल ते देवीलाच ठाऊक. फौजिया तिच्याआधीच तिथं आली होती. राखेत काय शिल्लक आहे, ते ती काठीनं उलथून बघत होती.

"इथं कुणाचा माल कुठं असायचा?"

"दोऱ्या ठरलेल्या हुत्या, ताई. ज्याचा त्यानं आपापल्या दोरीला टांगायचा. ही अण्णांची रांग. ही रत्नाची. ही बायांची. ती कडंची मानसिंगभाऊंची. अलीकडं त्यांचाच माल जास्ती. एकटा माणूस चौघांचं काम करायचा. आमाला कौतुक."

वरून पडलेली राख खाली रांगांनीच साचली होती. गेनबाच्या रांगेत मऊ, पांढरी राख. बोट लावलं की उडून जाणारी. रत्नाची तशीच. प्रेरणा कडेच्या रांगेत गेली आणि तिच्या बुटाखाली काहीतरी करकरलं.

ती खाली बसली. राखेत काळे, चकचकीत मणी होते. थेंब थेंब पडून गोठलेले. एक उचलून तिनं नाकाशी धरला.

"दिवे कशानं बांधता तुम्ही?"

"वेळूच्याच सालीनं. दुसरं काय लावायचंच न्हाई, अण्णांची शपथ हुती." फौजियानं मणी हातात घेतला आणि तिचा चेहरा बदलला. "ताई, हे तर प्लास्टिक हाय."

"आग कुठून लागली? दारातून?"

"न्हाई. आधी ह्याच कोपऱ्यातनं धूर निघाला. म्या बघितलाय. मी त्याच्या अंगावर पडले हुते, तोंड हिकडंच हुतं."

प्रेरणा उठून उभी राहिली. मानसिंगच्या जळलेल्या भुवया तिच्या डोळ्यांपुढं आल्या.

---

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं सगळ्यांना बेटात बोलावलं. रत्ना आली, मानसिंग आला, इंद्रजित आला. मुजफ्फरला जीपमधून आणून कडेला दगडावर बसवलं; फौजिया त्याला टेकून. गावातली माणसं ओढ्यापलीकडं दाटीनं उभी. दोन पंच, आणि लाठ्या घेतलेले चार शिपाई.

"आम्हाला कशाला बोलावलं?" इंद्रजितनं विचारलं.

"एक वेळू तोडायला." तिनं बंडूकाकांना खूण केली. त्यांनी नवा कोयता पुढं केला. "आधी तुम्ही."

इंद्रजितनं कोयता असा धरला, की ओढ्यापलीकडून कुणीतरी खुसखुसलं. "सायेब, क्रिकेट न्हाई खेळायचं!"

त्यानं कमरेएवढ्या उंचीवर चार-पाच घाव घातले. वेळू चिरफाळून कोसळला. मागं उंच, पोकळ खुंट राहिला. प्रेरणा त्याच्यापाशी वाकली, आत बोट घालून पाहिलं. मग उठून ताज्या खुंटांपाशी गेली, तिथंही वाकली.

मानसिंग तिच्याकडं एकटक बघत होता.

"आता तू."

"म्या?" तो पुढं आला. कोयता हातात घेतला, तसा त्याचा हात आपोआप खाली, मुळाकडं गेला. आणि थांबला. मग तो सरळ झाला आणि मांडीएवढ्या उंचीवर, दोन गाठींच्या मधोमध, त्यानं तिरका घाव घातला. वेळू पडला. खुंट पेल्यासारखा उघडा राहिला, वरचं टोक भाल्यासारखं.

रत्ना दोन पावलं पुढं आली.

"दादा?" रत्नाचा आवाज आला. "असा कवापासनं तोडाया लागलास?"

"हात... हात कापतोय माझा. काका गेला, रत्ने."

"हात कापतोय म्हणून घाव हुकला असता," प्रेरणा म्हणाली. "तुझा हुकला नाही. हात आधी बरोबर जागी गेला होता. तू तो तिथून उचललास. का?"

मानसिंगनं कोयत्याची मूठ घट्ट आवळली.

"मग मी सांगते. माझी पहिली चूक मीच सांगते. चांदण्यात वेळू तोडलेला पाहिला आणि मी धरून चालले, की तोडणारा ह्या कामातला नाही. खुन्यालाही हेच हवं होतं. मुजफ्फर चांदण्यात तोडायला निघाला होता हे गावानं ऐकलं होतं. मग वेळू तोडून टाकले, म्हाताऱ्याचं प्रेत मधे पडलेलं असलं, आणि कोयता टेम्पोत ठेवला, की झालं. मुजफ्फर नमाजाला बसला तेव्हा ताडपत्री उचलायला कितीसा वेळ लागतो?"

तिनं पलीकडच्या कडेकडं बोट दाखवलं.

"ते मुजफ्फरचे खुंट. गेल्या वर्षीचे. पाणी साठलंय, कुजलेत. आणि हे परवाचे. जमिनीलगत, गाठीच्या लगेच वर, एकात थेंबभर पाणी राहणार नाही. कोवळी काठी एकही तोडलेली नाही. ज्यानं हे तोडले, त्यानं दिवस मुद्दाम चुकीचा धरला. पण हाताला चुकायला सांगायचं तो विसरला. अंगावर चुलत्याचं रक्त होतं, तरी बेट कुजू नये म्हणून हात जपून चालला. असं बेट जपायला गेनबानं दोघांनाच शिकवलं. रत्नाला आणि तुला."

"मग रत्ना का न्हाई?" मानसिंग घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"रत्ना परवा संध्याकाळपर्यंत बायांसोबत शेडमध्ये होती, चारचौघींच्या नजरेसमोर. आणि रत्नाच्या दोरीखाली प्लास्टिक पडलेलं नाही." तिनं खिशातून काळे मणी काढून तळहातावर धरले. "तुझ्या दोरीखाली पडलंय. कारखान्यात यंत्रावर चिरलेले, प्लास्टिकच्या दोऱ्यानं बांधलेले दिवे तू तयार आणायचास आणि हातानं विणलेले म्हणून टांगायचास. म्हणून एकटा चौघांचं काम करायचास. गेनबानं ते पाहिलं. आता खुनाचा तपास म्हणजे शेडचाही तपास होणार. म्हणून सगळं गाव मुजफ्फरला मारण्यात गुंतलेलं असताना तू तुझा कोपरा पेटवलास. विझवायला गेलेल्याची बाही करपते. काडी लावताना तोंडावर भडका आला की भुवया जातात."

"हट्टी हुता म्हातारा!" मानसिंग एकदम किंचाळला. "मी बेटात पाया पडलो त्याच्या. म्हणलं, ऑर्डर निघू दे, बंद करतो. ऐकलं न्हाई. म्हणाला, माझा कोयता खाली ठेव. आजपासनं वेळूला हात लावायचा न्हाई. बेट रत्नाच्या नावानं, आन् शिकवीन तर त्या फौजियाला शिकवीन. मला! त्याच्या पायाशी वाढलेल्याला! हसत म्हणाला. पाठ फिरवली, चालाया लागला..."

"आणि तू घाव घातलास."

"घातला! परत उठू नये म्हणून परत घातला!"

बोलता बोलताच तो उसळला. कोयता रत्नाच्या मानेवर यायचा, पण प्रेरणा मधे पडली. पातं तिच्या दंडात घुसलं. बंडूकाकांची लाठी मानसिंगच्या मनगटावर बसली. कोयता उडाला, मानसिंग मागं तोल जाऊन कोसळला, आणि आता तोडलेला भाल्यासारखा खुंट त्याच्या मांडीतून आरपार वर आला. त्याच्या ओरडण्यानं ओढ्यापलीकडच्या बाया कान झाकून खाली बसल्या.

चौघा शिपायांनी त्याला उचलून खुंटावरून सोडवला आणि मांडी आवळून बांधली. जीपकडं नेताना तो रडत होता, आणि रडताना काका, काका म्हणत होता.

---

रत्नानं आपला पदर फाडून प्रेरणाच्या दंडाला बांधला.

"मुजफ्फर, तू मोकळा आहेस," प्रेरणा म्हणाली. "वरिष्ठांना मी आताच कळवते."

फौजियानं नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. ओढ्यापलीकडची माणसं हळूहळू पांगायला लागली.

"थांबा. कुणी जायचं नाही." प्रेरणाचा आवाज नेहमीसारखाच हलका होता, तरी माणसं थांबली. "एक गुन्हा सुटला. दुसरा कालचा आहे. निर्दोष माणसाला मरेस्तोवर मारलं. मारणाऱ्यांची नावं पाहिजेत."

कुणी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होतं, कुणी आभाळाकडं बघत होतं.

"जमाव हुता मॅडम," एकजण पुटपुटला. "जमावात कोण कुणाला बघतंय?"

"मुजफ्फर, तू सांग. सुरुवात कुणी केली?"

मुजफ्फरनं समोरच्या तोंडांवरून नजर फिरवली. ह्याच माणसांच्या घरी त्याचा माल विणला जायचा. उद्याही विणला जायला हवा होता.

"मला काय दिसलं न्हाई, मॅडम. पहिलाच दगड कपाळात बसला. डोळ्यात रक्त उतरलं."

"बघा, त्यालाच ठावं न्हाई," मघाचा माणूस घाईनं म्हणाला. "मिटवून टाका आता."

रत्ना प्रेरणाच्या बाजूनं उठली आणि मुजफ्फरसमोर जाऊन उभी राहिली. त्यानं डावा हात वर करून तिला थांबवायला पाहिलं.

"रत्नाताई, ऱ्हाऊ द्या."

"तुमच्या डोळ्यात रक्त हुतं, मुजफ्फरभाई," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यात न्हवतं. मला सगळं दिसत हुतं." मग ती बंडूकाकांकडं वळली. "लिहा, काका. पहिला दगड, रत्ना गेनबा. आता बाकीची नावं सांगते."